उकिरड्यावरचा दगडी पाला

सारसोळ्यात कोणाचं बोट कापलं, की माणूस आधी काशीला हाक मारी आणि मग देवाला. कोयता लागो, कालवाची शिंप लागो, माशाचा काटा घुसो, काशी दगडी पाला घेऊन हजर. पाला तसा कुठंही मिळतो. बांधावर, दगडाच्या फटीत, वाटेच्या कडेला. जमिनीला धरून पसरलेली केसाळ पानं, त्यातून वर निघालेला एकच लांब दांडा आणि टोकाला नखाएवढं पिवळं-पांढरं फूल. पोरं टिचकी मारून ते उडवतात. पण काशीच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणे. त्यावर काशी म्हणायची, "कसला माजा गुन, पाल्याचाच गुन." लोकांनी तेच पुन्हा म्हणावं, म्हणून ती असं म्हणायची हेही सगळ्यांना माहीत होतं.

हा गुण तिला आईकडून मिळाला होता. माहेर उरणकडचं, मोऱ्याजवळचं. पाला कसा खुडायचा, गोड्या पाण्यात कसा धुवायचा, किती चुरायचा, सगळं आईनं शिकवलं, आणि एक गोष्ट दरडावून सांगितली होती. "जिथं ढोर बसतं, तिथला पाला तोडू नको. धुवूनसुदा नको. तो पाला त्वांड मिटतो." तोंड मिटतो म्हणजे काय, हे काशीला कधी समजलं नाही. काहीतरी विटाळाचं असेल, असं धरून तिनं ते पाळलं. लग्न होऊन सारसोळ्यात आल्यापासून वीस वर्षं पाळलं.

अठ्ठावन सालच्या भादव्यात, पुनवेच्या दिवशी, भर दुपारी उधाणाच्या पाण्यानं बांध फुटला.

खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरायला लागलं म्हणजे सारसोळ्यात कोणी घरात राहत नाही. भात पोटरीला आलेलं. बायका-पुरुष, म्हातारे-कोतारे, सगळे बांधावर धावले. फुटल्या जागची खांड आधी बैलाच्या तोंडाएवढी होती, बघता बघता दाराएवढी झाली. पुरुष छातीभर पाण्यात उभे राहून तिवराचे खुंट ठोकत होते, बायका चिखलाच्या पाट्या आणि दगड देत होत्या. बांधाच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, आणि कालवाची कड वस्तऱ्यासारखी. काशीच्या तळहातांची सालटं निघाली होती. पण त्या वेळी सालटं बघायला सवड कोणाला?

काशीच्या नवऱ्याचा, धर्माचा, पाय त्यातच एका दगडावरून घसरला आणि टाच चिरली. पाणी लाल झालं. तो बोंबलत वर येतो न येतो तोच येसूबाईची सून गोजरा पाटीसकट खाली आली आणि तिचाही तळपाय उभा फाटला. गोजरा लग्न होऊन आली त्याला सहा महिनेही झाले नव्हते. ती रडली नाही, उलट हसायला लागली. "काकी, माजा बी पाय गेला बघ," म्हणाली.

काशी नेहमी पाला तोडायची ती बांधावरची जागा पाण्याखाली गेली होती. जवळ होता तो येसूबाईचा गोठा, आणि गोठ्यामागं उकिरडा. त्या उकिरड्यावर दगडी पाला असा माजला होता, की एकेक पान अंगठ्याएवढं. काशी तिथं जाऊन थांबली. आईचं बोलणं तिला आठवलं, नाही असं नाही. पण मागून धर्मा हाका मारत होता, आणि रक्त थांबत नव्हतं. तिनं ओंजळभर पाला ओरबाडला. गोडं पाणी नव्हतंच. दोन्ही तळहातांत चुरून चुरून रस काढला, लगदा दोघांच्या जखमांत दाबून भरला, आणि लुगड्याची चिंधी फाडून बांधली.

रक्त थांबलं. दोघं परत कामाला लागले. ओहोटी लागल्यावर खांडही बुजली. पण नऊ घरांचं भात तोवर खारं पाणी प्यायलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या पुढं लोक बसले. सारसोळ्याची रीत अशी, की बाहेरचा बांध घरोघर वाटून दिलेला असतो. पावसाच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या पाळीचा बांध माती घालून मजबूत करायचा, चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची. ज्याच्या पाळीत खांड पडेल, त्यानं ती पक्की भरून काढायची आणि आपलं उरलेलं चांगलं शेत बुडालेल्यांना कसायला द्यायचं, त्यांची जमीन परत गोडी होईपर्यंत. म्हणजे तीन पावसाळे.

खांड पडली ती धर्माच्या आणि येसूबाईच्या पाळीच्या सांध्यावर. मधला खुणेचा दगड पाण्यानं नेलेला. धर्मा म्हणाला येसूबाईकडं पडली, येसूबाई म्हणाली धर्माकडं. येसूबाई विधवा, जिभेला तिखट. मुलगा मुंबईला गिरणीत. तिच्याशी भांडून दमल्यावर गावचे जाणते लोक काशीकडं वळले.

"काशी, तू तवा तिथंच व्हतीस. तू सांग. तुजा शब्द आमी मानतो."

काशीनं धर्माकडं पाहिलं. उन्हाळ्यात तो मिठागरावर कामाला गेला होता आणि बांधावर वरवर दोन दिवस माती टाकून आला होता. बिळं तशीच राहिली होती, हे दोघांनाच ठाऊक होतं. खांड कुठून सुरू झाली तेही काशीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. खुणेच्या दगडापासून दोन पावलं, आपल्याच अंगाला.

"येसूआत्याच्या अंगाला," ती म्हणाली.

कोणी पुढं एक अक्षर विचारलं नाही. येसूबाई पदर झाडून उठून गेली.

पुढचे दिवस काशीनं मान वर केली नाही. खाऱ्या पाण्यानं पिवळं पडलेलं भात कापून गुरांपुढं टाकायचं होतं. ती पहाटे विळा घेऊन जायची ती उन्हं उतरल्यावर यायची. समोर येसूबाई आणि गोजरा डोक्यावर पाट्या घेऊन खांडीवर माती चढवत असायच्या. येसूबाई बोलत नसे. गोजरा मात्र लांबूनच पाय वर करून दाखवायची.

"काकी, बघ, खपली पन धरली. काय हात हाय गो तुजा!"

काशी कसंनुसं हसायची आणि विळा चालवायची.

अष्टमीच्या सकाळी तिनं धर्मापुढं तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी ठेवली. घरात ही दोघंच. धर्मानं तुकडा मोडला, चावला आणि थांबला.

"भाकर लय कडक झाली."

काशीनं त्याच्याच ताटातला तुकडा तोंडात घातला. भाकर मऊ होती, फडक्यासारखी मऊ.

"दात दुखतो काय?"

"दात नाय. हितं," त्यानं कानाखाली हात लावला. "मान बी धरली हाय. उशाला लाकूड घेतल्यावानी."

"आ करा."

"आँ?"

"त्वांड उघडा, आ करा."

त्यानं आ केला. काशीचं एक बोट आत गेलं, दुसरं गेलं नाही. ओठ मागं ओढले गेले होते, तो हसतोय असं वाटत होतं, आणि डोळे अजिबात हसत नव्हते. आईच्या शब्दांचा अर्थ तिला वीस वर्षांनी लागला. तिनं त्याच्यापुढचं पितळी ताट उचललं, ते निसटलं आणि जमिनीवर खणखणत फिरलं.

त्या आवाजासरशी धर्मा मागं ताणला गेला आणि उताणा कोसळला. पाठ भुईपासून सुटली, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. दात करकरले. ताट फिरायचं थांबलं तसा हळूहळू तो सैल पडला, घामानं निथळत. काशीनं ताटावर दोन्ही हात दाबून धरले होते. आता ते आवाज करत नव्हतं तरी ती हात काढत नव्हती.

ती धावत बंदरावर गेली. जयदेव कोळी रोज मासळी घेऊन मुंबईला जायचा, पण त्या दिवशी त्याचा मचवा चिखलात कलंडून पडला होता. सकाळचं पाणी येऊन गेलं होतं. तिनं सांगितलं ते ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"धनुर्वात हाय तो, काशीवयनी. बैलगाडीनं पनवेलला नेशील तर धक्क्यांनीच मरंल. पान्यातनंच न्यायला पायजे, मुंबईला. पन आता दिस कलला की पानी येनार. ते बी अष्टमीचं भांगाचं, कमी चढनारं पानी, मचवा जेमतेम उचलंल. भरल्या पान्यावर सुटलो तर सुटलो, नायतर उद्यावर."

"वाचतो काय मानूस?"

"गेल्या साली एका खलाशाला नेला व्हता. खिळा लागलेला. म्हैनाभर अंधाऱ्या खोलीत ठेवला, वाचला. डागतर बोलला, जबडा बसायच्या आदी आनला असता तर एका सुईवर भागलं असतं."

"म्हंजी ज्याला अजून काय झालं नाय..."

"त्याला सुई मारली का सुटला. पन जबडा बसायच्या आदी." जयदेव तिच्याकडं बघत राहिला. "का गो?"

"काय नाय," काशी म्हणाली.

घरी येताना तिला वाट दिसत नव्हती. पाला एकच होता. ओंजळ एकच होती. निम्मा लगदा धर्माच्या टाचेत आणि निम्मा गोजराच्या तळपायात.

तेव्हाच उठून येसूबाईकडं जायला हवं होतं. काशी गेली नाही. हे तिनं पुढं कधी स्वतःला माफ केलं नाही, पण खरं ते खरं, ती भ्याली. दार लावून, खिडकीला गोधडी टांगून, अंधारात ती नवऱ्यापाशी बसली आणि भीतीला कारणं जोडत राहिली. गोजराची जखम तर सुकली. पोरगी पाट्या वाहतेय, हसतेय. उगीच कशाला? आणि सांगायला गेलं तर येसूबाई काय म्हणेल? आधी खोटं बोलून बांध माझ्या गळ्यात घातला, आता माझ्या सुनेच्या पायात विष भरलं. गाव काय म्हणेल? पुन्हा कोणी दारात उभं करील का? तिनं शंभरदा मनात म्हटलं, काही होणार नाही. बाहेर कावळा ओरडला की धर्मा ताणला जायचा, आणि शंभरदा म्हटलेलं सगळं वाहून जायचं. त्याच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं पाणी पिळलं तर ते दातांवरून बाहेर यायचं.

दुपारी शेजारची एक बाई पोरीचं कापलेलं बोट घेऊन आली. काशीनं दार फटभर उघडलं.

"जरा पाला लाव गो."

"नाय," काशी म्हणाली. "साबनानं धू. पाला नको." आणि तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दिवस कलायला आला तसे जयदेव आणि तिघं जण दबकत आले. कोणी बोललं नाही. धर्माच्या डोळ्यांवर लुगडं टाकलं, कानांत कापूस घातला आणि खाट उचलली. बंदराची वाट येसूबाईच्या दारावरून. गोजरा ओटीवर सुकट निवडत बसली होती. खाट दिसताच ती सूप टाकून उठली, आणि काशीला दिसलं, की पोरगी तो पाय टेकवताना जरा जपून टेकवते आहे.

"काय झालं गो काकाला?" गोजरानं हळूच विचारलं.

काशीचे पाय तिथंच अडले. खाट पुढं गेली. जयदेवनं मागं वळून हातानं खूण केली आणि जवळ येऊन कुजबुजला, "पानी भरलं हाय. पान खायाएवढाच येल हाय. मग मी थांबनार नाय."

"तुमी चला. मी आलेच."

ती अंगणात शिरली. "गोजरा, आ कर."

"काय?"

"त्वांड उघड. आ कर."

गोजरानं हसत हसत आ केला. काशीनं तीन बोटं आत घातली. तिन्ही गेली. काशीला भरून आलं, आणि तेवढ्यात येसूबाई आतून बाहेर आली.

"हात काड तिच्या त्वांडातनं. काय चाललंय?"

"आत्या, हिला मचव्यात बसवा. मुंबईला न्यायला पायजे. हिच्या पायात मी तोच पाला भरला, जो यांच्या पायात भरला. तुमच्या उकिरड्यावरचा. यांचा जबडा बसला. हिला आताच सुई मारली तर काय व्हनार नाय."

"माज्या उकिरड्याला आता नाव ठेवतंस?" येसूबाईचा आवाज चढला. आजूबाजूच्या बाया दारात आल्या. "बांध माज्यावर ढकललास, आता नवरा बी माज्यावर ढकल! जखम भरली, पोरगी कामाला लागली. आनि मी तिला पितरांच्या दिसांत, पोराला न विचारता, तुज्या मढ्याबरोबर पाठवू? कशावरनं पाठवू? तुज्या शब्दावर?"

मढं हा शब्द काशीच्या काळजात घुसला. पण त्याहून घुसला शेवटचा शब्द. तिच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तिनंच खोटं करून ठेवलं होतं. खाडीकडून वारा आला, त्यात परतीच्या पाण्याचा वास होता. तिनं येसूबाईचे पाय धरले. ज्या पायांपुढून आठ दिवस नजर चुकवली, तेच.

"खांड आमच्या पाळीत पडली, आत्या."

पाय सोडवून घेणारी येसूबाई थांबली.

"गावदेवीपुडं मी खोटं बोलले. चिंबोऱ्यांची बिलं आमी बुजवली नव्हती. मी डोल्यांनी बघितलं व्हतं. शेत घ्या आमचं, नऊ घरांनी घ्या. ह्या समद्या बाया ऐकतात, मी उद्या नाय बोलनार नाय. ते खोटं व्हतं. पन पाल्याचं खरं हाय. माज्या आयनं सांगितलेलं, ढोराच्या जागचा पाला त्वांड मिटतो. मना ठावं व्हतं आनि मी तोडला. ह्ये खरं हाय, आत्या."

"किती पावलं?" येसूबाईनं विचारलं.

"दोन. दोन पावलं आमच्या आंगाला."

येसूबाईनं ओठ घट्ट मिटले. आठ दिवस डोक्यावर वाहिलेल्या पाट्यांचा सगळा शीण तिच्या तोंडावर दिसत होता, आणि आता ती थोबाडीत मारील असंच काशीला वाटलं. पण ती सुनेकडं वळली.

"लुगडं वर खोच गो. पानी चाललं."

तिघी बंदराकडं धावल्या. मचवा सुटला नव्हता. जयदेव थांबनार नाय म्हणाला होता तरी थांबला होता, आणि त्या थांबण्यात पाणी उतरून मचव्याचा तळ चिखलाला लागला होता. चौघे पुरुष खाली उतरून खांदा देत होते. मचवा हलत नव्हता. एरवी अशा वेळी एकजण आरोळी देतो, बाकीचे साथ देतात, आणि त्या आवाजाच्या जोरावरच मचवा निघतो. आज आवाज करायची सोय नव्हती. खाटेवर धर्मा होता, आणि एका आरोळीनं त्याचा श्वास अडकला असता.

येसूबाई मांडीभर चिखलात शिरली आणि तिनं मचव्याला पाठ लावली. काशीनं लावली. मागून आलेल्या बायांनी लावली. जयदेवनं हात वर केला की सगळ्यांनी रेटायचं, खाली केला की दम घ्यायचा. हात वर, हात खाली. इतकी माणसं, इतका जोर आणि कोणाच्या तोंडून हूं की चूं नाही. नुसता चिखलाचा बुडबुड आणि श्वास. काशीला त्या शांततेची धास्ती वाटत होती. मयताच्या घरीसुद्धा याहून जास्त आवाज असतो. सातव्या का आठव्या खेपेला तळाखाली काहीतरी सुटलं आणि मचवा पाण्यावर डुलला.

गोजराला वर ओढून घेतलं, मग काशीला. येसूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं हाक मारली नाही. हाक मारायची नव्हतीच. तिनं आपल्या तोंडाकडं बोट केलं, मग गोजराकडं. काशीला कळलं. तिनं मान हलवली.

शीड भरलं. ओहोटीच्या पाण्याबरोबर मचवा खाडीतून बाहेर निघाला. सारसोळ्याची झाडं मागं पडली, संध्याकाळ पाण्यावर उतरली. धर्मा लुगड्याखाली नाकानं श्वास घेत होता. प्रत्येक श्वास काशी मोजत होती. थोड्या थोड्या वेळानं ती गोजराच्या कानाशी म्हणायची, "आ कर." गोजरा आ करायची. तीन बोटं. पुन्हा काही वेळानं, "आ कर." तीन बोटं. गोजरा आता हसत नव्हती. तिचे डोळे सारखे खाटेकडं जात होते.

"काकी, मना भ्या वाटतंय," ती कुजबुजली आणि तिनं काशीचा हात हातात घेतला. घेतला आणि उलटा केला. उरलेल्या उजेडात तिनं तो तळहात डोळ्यांजवळ नेला. कालवांनी कापल्याच्या बारीक बारीक रेघा होत्या. काहींवर खपल्या, काही अजून लाल. तिनं दुसरा हात ओढून बघितला. त्याच्यावरही.

"काकी," ती म्हणाली, "पाला तू ह्याच हातांनी चुरलास ना?"

काशीनं आपल्या हातांकडं पाहिलं. आठ दिवस ते तिच्याच अंगाला होते. विळा धरत होते, भाकर थापत होते, आणि तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"काकी, आ कर," गोजरा म्हणाली.

सकाळपासून काशीचे दात दातांवर बसलेले होते. भीतीनं बसले होते की दुसऱ्या कशानं, ते तिला सांगता येईना. तिनं मान हलवली. नको.

"आ कर ना गो." गोजराला रडू फुटत होतं.

काशीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. उघडत गेलं. पूर्ण उघडलं. गोजराची तीन बोटं आत गेली आणि बाहेर आली. सकाळपासून, पुनवेपासून, गळ्याशी दाबून धरलेला हंबरडा त्या उघड्या तोंडाशी आला, आणि दोन हातांच्या अंतरावर धर्मा निजलेला होता. काशीनं तोंड मिटलं नाही आणि आवाजही बाहेर येऊ दिला नाही. ती तशीच आ वासून, थरथरत, बिनआवाजाची रडत राहिली, आणि जयदेव मचवा मुंबईकडं हाकत राहिला.